एका हाकेची ओ

धाकूच्या नावात काय तो धाक होता. बाकी उभा माणूस भित्रा. भित्रा म्हणजे चारचौघांसारखा नव्हे. तुयेच्या औद्योगिक वसाहतीत बाटल्यांची झाकणं करणाऱ्या एका कारखान्यात तो मशीनवर होता, आणि तिथल्या पोरांची निम्मी करमणूक धाकूला दचकवण्यावर चालायची. मागून कोणी नुसतं खाकरलं तरी हा गडी जागच्या जागी उडायचा. तो कुत्र्याला भ्यायचा, विजेला भ्यायचा, डॉक्टरच्या सुईला भ्यायचा, साहेबाला तर भ्यायचाच. त्याची बायको संजना शेजारणींना सांगायची, "घरात पाल दिसली काय माका उठूचा पडता. आमचो घोव तोवर कदेलार चढान बसल्लो आसता." आणि धाकू खुर्चीवरून खाली उतरत, मान डोलवून ते कबूल करायचा. भीतीची त्याला लाज नव्हती. लाज बाळगायलाही थोडं धाडस लागतं, आणि तेही त्याच्यापाशी नव्हतं.

असला माणूस रानातून पन्नास किलोमीटर पळायच्या शर्यतीत कसा काय शिरला, असं कोणीही विचारील. तर धाकू पळायला शिकला तोच मुळी भीतीपोटी. कारखान्यातून घरी जायला काजूच्या बागेतून चढणीची पायवाट होती, आणि त्या वाटेवर एका सातविणीखाली एक दगड होता. तो देवचाराचा. देवचार म्हणजे गावाच्या शिवेचा राखणदार. त्याला रोट आणि विडी वेळच्या वेळी मिळाली की तो कोणाच्या वाटेला जात नाही, असं सगळा गाव मानायचा. धाकू रोट द्यायचा, विडी ठेवायचा, वर मेणबत्तीही लावायचा, आणि तरीसुद्धा रोज संध्याकाळी त्या दगडापासून घरच्या उंबऱ्यापर्यंत जीव खाऊन पळायचा. अशी वर्षं गेली. दम वाढला, पोटऱ्या टणक झाल्या, आणि आपण काही विशेष करतोय हे बिचाऱ्याच्या गावीही नव्हतं.

ते ओळखलं गौरेशने. गौरेश नार्व्याचा, घर नदीकाठी, सप्तकोटेश्वराच्या देवळापासून हाकेच्या अंतरावर. डिचोलीच्या खाणींवर तो टिपर चालवायचा. खाणी बंद पडल्या, टिपर उभे राहून गंजले, तेव्हा तो तुयेला येऊन त्याच कारखान्याच्या गोदामात लागला. गाडी चालवण्याची सवय गेली, पोट सुटलं, डोक्यात राग साचला. तो घालवायला त्याने पळणं धरलं, आणि मग ते त्याला असं चिकटलं की सह्याद्रीत होणारी शंभर किलोमीटरची शर्यत एकदा पुरी करायचीच, हा ध्यास त्याने घेतला. भीती म्हणून काय असते ते ह्या माणसाला ठाऊक नव्हतं. नागाला शेपटीने धरून त्याने कुंपणापलीकडे टाकलेलं कारखान्यातल्या सगळ्यांनी पाहिलं होतं. धाकूने अर्थात नुसतं ऐकलं होतं, कारण तेव्हा तो आत दार लावून बसला होता.

एका संध्याकाळी गौरेशने धाकूला मोटारसायकलवरून वाटेच्या तोंडाशी सोडलं, आणि तो त्या चढणीवरून कसा सुटला ते पाहिलं. दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत तो धाकूसमोर येऊन बसला.

"काल तू तो चढ असो पळालंस, माका मोटारसायकलीर जमला नसता. खंय शिकलंस?"

"शिकतलंय खंय? भंय वाटता म्हणान पळतंय," धाकू म्हणाला.

गौरेश इतका हसला की त्याचा डबा कलंडला. पण रविवारपासून दोघे जोडीने पळायला लागले. कधी मोरजीच्या वाळूतून, कधी पेडण्याच्या सड्यावरून, कधी काजूच्या डोंगरातून. ह्या जोडीत एकच अडचण होती. ती होती हाकेची.

धाकूचा बाप शिवदास काजूच्या दिवसांत डोंगरावर राहायचा आणि लहानग्या धाकूला बरोबर न्यायचा. त्याने पोराला दोनच गोष्टी शिकवल्या: काजूचा बोंडू कसा पिळायचा, आणि हाकेला ओ कधी द्यायची. "रानात कोणी हाक मारली तर पयलेक ओ देव नको. दुसरेक देव नको. माणूस आसलो तर तीनदा मारता. तो एकदाच मारता. ओ दिलंस काय गेलंस." तो म्हणजे कोण, हे बापाने सांगितलं नाही आणि मुलाने विचारलं नाही. गावातल्या यशवंतने म्हणे अशीच एका हाकेला ओ दिली होती. तो संध्याकाळी घरी आला, तापाने फणफणला, आणि बरा झाल्यावरही कोणी नावाने हाक मारली की नुसता बघत राहायचा. धाकूने लहानपणी त्याची ती नजर पाहिली होती. पाल, वीज, सुई ही सगळी भयं एका बाजूला आणि ती नजर एका बाजूला.

हे कळल्यावर गौरेशच्या हाती कोलीतच सापडलं. पळता पळता तो मध्येच मागे राहायचा, काजूच्या झाडाआड लपायचा आणि आवाज बदलून एकच हाक मारायचा, "धाकूऽऽ!" धाकू ओ द्यायचा नाही. तोंड घट्ट मिटून असा सुसाट सुटायचा की गौरेशला त्याला गाठताना नाकी नऊ यायचे. मग तो खदाखदा हसू लागायचा, आणि ते हसू ऐकलं की धाकूच्या जिवात जीव यायचा.

"तीनदा मार मरे," तो काकुळतीला येऊन म्हणायचा. "एकदा मारू नको. माका कळना, तू काय तो."

"तीनदा वरडत बसूक माका दुसरा काम नाय? एका हाकेक ओ देवक शिक!"

दिवाळी होऊन गेली आणि डिचोलीच्या एका पळणाऱ्यांच्या मंडळाने नार्व्याहून पन्नास किलोमीटरची रानातली शर्यत ठेवली. नदीकाठ, कुळागरं, डोंगर, सडा, आणि फिरून नदी. गौरेशने दोघांची नावं देऊन टाकली आणि मग धाकूला सांगितलं. "ही नुसती तयारी रे. जिंकूचा नाय, हरूचा नाय. शंभरासाठी पाय मोकळे करूचे." धाकूने पहिल्यांदा नकार दिला, मग संजनाने टोमणे मारले म्हणून होकार दिला, आणि वर अट घातली: रानात माका एकट्याक सोडूचा नाय. गौरेशने सप्तकोटेश्वराची शपथ घेतली.

शर्यतीच्या सकाळी नदीवर धुकं होतं. प्रत्येकाची पाठपिशवी तपासली: पाणी, मीठ, पट्टी, आणि पिशवीच्या पट्ट्याला बांधलेली शिटी. धाकूने आपली शिटी दोनदा वाजवून पाहिली, आणि दुसऱ्यांदा आपल्याच शिटीने तो दचकला. मग झेंडा पडला आणि सगळे सुटले.

पहिला अर्धा पल्ला छान गेला, एवढं म्हणायला हरकत नाही. कुळागरांतून पोफळींची सावली होती, माणसं होती, पाटाचं पाणी होतं. पाव विकणारा पोदेर सायकलवरून पोंगा वाजवीत गेला, तेव्हा गौरेशने त्याच्याकडून पळता पळता दोन गरम उंडे घेतले आणि एक धाकूच्या हातात कोंबला. धाकूला वाटलं, हे असंच असेल तर मी शंभरसुद्धा पळेन. पण पुढे घरं संपली, माणसं पांगली, चपळ पोरं केव्हाच पुढे निघून गेली, आणि झाडांना बांधलेल्या नारिंगी रिबिनींखेरीज माणसाचं चिन्ह उरलं नाही. धाकू गौरेशच्या पाठीवरची नजर हलवेना.

भर दुपारी ते जुन्या खाणीच्या डोंगरावर आले. बंद पडलेली खाण. तिचा भलाथोरला खड्डा पाण्याने भरलेला, आणि काठावर खाणीतून काढून टाकलेल्या मातीचे डोंगर, त्यांवर लावलेली आकेशियाची झाडं. रिबिनी खड्ड्याला वळसा घालून उजवीकडे रानात शिरत होत्या. गौरेश थांबला. डावीकडे खाणीच्या कडेने जाणारी जुनी टिपरांची वाट त्याने पाहिली, आणि त्याचा चेहरा वेगळाच झाला.

"ह्या खणीत माझी तरणी वर्सां गेली मरे," तो म्हणाला. "कडेकडेन गेलो तर सरळ पाण्याच्या थांब्यार पोचता. तू रिबिनी बघीत ये. माका एकदा ता बघूचा आसा."

"शपथ घेतल्ली तू!"

"अरे, हाकेच्या अंतरार तर आसतलंय. भियेलंस तर हाक मार. मी पयलेच हाकेक ओ देतंय." आणि हसत तो डावीकडे गेलासुद्धा.

धाकू रिबिनींच्या वाटेने पळू लागला. कडेने जायची त्याची छाती नव्हती आणि मागे एकट्याने थांबायचीही नव्हती. ऊन डोक्यावर होतं. भर दुपार ही त्या हाक मारणाऱ्याच्या फिरण्याची वेळ, असं बाप म्हणायचा. रात्रीपेक्षा दुपार वाईट, कारण दुपारी माणूस गाफील असतो. रान गप्प होतं. पाखरू नाही, वारा नाही, आकेशियाचं वाळकं पानही हलत नव्हतं. धाकूला स्वतःच्या बुटांचा आवाज दुसऱ्या कोणाचा तरी वाटायला लागला. त्याने पाऊल हळू टाकलं. तो आवाजही हळू झाला. त्याने मागे वळून बघितलं नाही.

तेव्हा हाक आली.

"धाकूऽऽ!"

डावीकडून, खालून, जमिनीच्या पोटातून आल्यासारखी. आणि ती पुरी नव्हती. शेवटाला कोणी तोंडावर हात ठेवावा तशी तुटली.

धाकू जागच्या जागी थिजला. ओ त्याच्या गळ्यापर्यंत आली होती, ती त्याने गिळली. तोंडावर तळहात घट्ट दाबून तो उभा राहिला आणि दुसऱ्या हाकेची वाट बघू लागला. कानात नुसतं रक्त धडधडत होतं. मार, दुसरी मार, तो मनात म्हणत होता. गौरेश असशील तर मार. दुसरी आली नाही. मानेवरून घामाची धार पाठीत उतरली आणि भर उन्हात त्याला हुडहुडी भरली. यशवंतची ती नजर त्याच्या डोळ्यांसमोर उभी राहिली.

गौरेश असेल तर थट्टा करतोय, ‘तो’ असेल तर बोलावतोय. दोन्ही खेपेस ओ द्यायची नाही, हेच खरं. आणखी एक तिसरी गोष्ट असू शकते, हे त्याच्या मनात आलंच नाही असं नव्हे. आलं. पण ते आलं तेव्हा त्याचे पाय पळायला लागले होते.

असा तो आयुष्यात पळाला नव्हता. फांद्यांनी तोंड ओरबाडलं, एकदा ठेच लागून पडला, उठला, पुन्हा पळाला. रान संपलं, आंब्याखालचा पाण्याचा थांबा दिसला, तेव्हा कुठे तो थांबला. तिथे सिद्धी नावाची कॉलेजातली मुलगी केळी आणि कोकमाचं सरबत घेऊन बसली होती, आणि मोटारसायकलला टेकून योगेश नावाचा मंडळाचा एक माणूस उभा होता.

"काका, बसा, बसा. एकटेच? तुमचे जोडीदार?" सिद्धीने विचारलं.

"आयलो नाय?" धाकू धापा टाकत म्हणाला. "तो कडेन गेलो. माझ्या आधी पोचूक जाय."

"कडेन कोणी आयलो ना," योगेश म्हणाला. "आणि कडेन जावचा कित्या? पावसान सगळी धसली आसा ती वाट."

धाकूच्या हातात सरबताचा पेला होता. तो तसाच राहिला. त्याला गौरेशच्या थट्टा एकेक करून आठवल्या. काजूच्या झाडाआडची, सड्यावरची, मोरजीच्या सुरूंतली. दर खेपेला एक हाक, आणि मग ते खदाखदा हसू. गौरेशला हसू आवरायचंच नाही. हसल्याशिवाय त्याची थट्टा पुरीच व्हायची नाही.

आज हसू आलं नव्हतं.

"दोरी घेवन ये," तो योगेशला म्हणाला, आणि त्याचा आवाज त्यालाच ओळखू आला नाही. "मोठी दोरी. माणसां घेवन ये." सिद्धी फोन काढून बघत होती, तिथे रेंज नव्हती, म्हणून ती सड्याच्या दिशेने धावत सुटली. योगेशने खालच्या कुळागराकडे गाडी घातली. आणि धाकू जिथून पळून आला होता तिथेच परत निघाला.

आता धीर आला असेल, असं कोणाला वाटेल. अजिबात नाही. त्याचे दात वाजत होते. पळताना एकच भीती होती, परतताना दोन झाल्या: तिथे ‘तो’ असेल ही एक, आणि तिथे कोणीच नसेल ही दुसरी. दुसरी मोठी होती, म्हणून पाय पुढे पडत होते, एवढंच.

हाक आली होती ती जागा त्याला बरोबर सापडली. रान तसंच गप्प होतं. त्याने गौरेशचं नाव घ्यायला तोंड उघडलं, पण ओठ नुसते हलले. नाव बाहेर येईना. मग त्याच्या ध्यानात आलं की नाव घ्यायची पाळी त्याची नव्हतीच. हाक मारून झाली होती. राहिली होती ती ओ.

ओ दिलंस काय गेलंस. संजना डोळ्यांपुढे आली, शाळेच्या गणवेशातली लेक सेजल डोळ्यांपुढे आली. समजा गेलो. समजा यशवंतसारखा नुसता बघत राहिलो. धाकूने आकेशियाचं खोड दोन्ही हातांनी घट्ट पकडलं, डोळे मिटले, आणि छातीत होता नव्हता तेवढा वारा घेऊन ओरडला, "ओऽऽऽऽ!"

काही झालं नाही. आणि मग खालून आवाज आला: टुबुक. पाण्यात खडा पडल्याचा. तो कान देऊन राहिला. टुबुक. तो श्वास घ्यायचा विसरला. टुबुक.

तीनदा.

धाकू हातापायांवर रांगत त्या आवाजाकडे गेला. झाडं संपली तिथे जमीनच संपत होती. पोटावर पडून त्याने खाली बघितलं. लाल मातीचा ताजा कोसळलेला उतार, खाली हिरवं काळं खोल पाणी, आणि उताराच्या मध्यावर गौरेश पालथा पडलेला. एक पाय भलत्याच बाजूला वळलेला. एका हातात आकेशियाचं उघडं पडलेलं मूळ, दुसऱ्या हाताच्या बोटांत खडे. पिशवी नव्हती, ती शिटीसकट पाण्यात गेली होती.

"मोठ्यान बोलू नको," गौरेश ओठांतल्या ओठांत म्हणाला. "श्वास घेतलो तरी माती सरकता."

धाकूने मान हलवली. त्याने पाठची पिशवी काढली, तिचा पट्टा होता तेवढा सैल केला, एक पाय खोडाला अडकवला आणि अर्ध्या अंगाने उतारावर लोंबकळला. पट्टा गौरेशच्या मुळावरच्या मनगटापर्यंत जेमतेम पोचला; त्याचा दुसरा हात तिथवर येत नव्हता. गौरेशने मुळावरचा हात सोडून तो पकडायला हवा होता. तो सोडेना. नागाची शेपटी धरणारा गौरेश डोळे विस्फारून त्या पट्ट्याकडे बघत होता आणि त्याला मूळ सोडवत नव्हतं.

"धर," धाकू कुजबुजला. "मी आसंय."

गौरेशने धरला. माती सुटली, खडे धडाधड पाण्यात गेले, पट्टा ताठ झाला आणि धाकूच्या खांद्यातून कळ निघाली. पण पट्टा टिकला. मग दोघे तसेच राहिले. किती वेळ, ते दोघांनाही कधी सांगता आलं नाही.

"थरथरू नको मरे," मध्येच गौरेश म्हणाला. "तू थरथरलंस काय माझ्यार माती पडता."

"थरथरणा माझ्या हातात नाय. हातात पट्टो आसा, तो सोडूचो नाय."

अखेर मागे माणसांचे आवाज आले. योगेश कुळागरातले गडी घेऊन आला होता, आणि विहिरीवरचा जाड दोर. गौरेशला वर ओढलं तेव्हा तो कळवळून ओरडला आणि बेशुद्ध पडला. त्याला झोळीत घालून नेल्यावरही धाकूची मूठ उघडत नव्हती. योगेशने एकेक बोट सोडवून पट्टा काढून घेतला. संध्याकाळपर्यंत तो सगळा उतार आकेशियासकट पाण्यात गेला, असं दुसऱ्या दिवशी कळलं.

पायाचं हाड मोडलं होतं, बरगड्यांना मार होता. शंभर किलोमीटरची शर्यत त्या वर्षापुरती गेली. पण गौरेश वाचला. आणि धाकूचं काय झालं म्हणाल, तर तो एकाएकी मोठा माणूस झाला. कारखान्यात साहेबाने पाठ थोपटली. पोरांनी दचकवायचं सोडून दिलं. गावात लोक थांबवून विचारायचे, "कसो काय परत गेलंस रे?" धाकू मान खाली घालायचा. लोकांना तो विनय वाटायचा. खरं म्हणजे तो पूर्वी कधी भ्याला नव्हता तेवढा आता भीत होता. हाक ऐकूनही हा पळाला, हे एकालाच ठाऊक होतं, आणि तो एक म्हणजे तो स्वतः. गौरेशने विचारलं तर? गौरेश इस्पितळातून घरी आला तरी धाकू नार्व्याला गेला नाही. कधी पाळी बदलली म्हणाला, कधी खांदा दुखतो म्हणाला. शेवटी एका रविवारी संजनाने खतखत्याचा डबा त्याच्या हातात दिला आणि दाराकडे बोट दाखवलं.

गौरेश जनेलापाशी प्लास्टरचा पाय स्टुलावर ठेवून बसला होता. बाहेर नदी दिसत होती. त्याच्या बायकोने, शीतलने, डबा घेतला, धाकूच्या पाया पडल्यासारखी वाकली, आणि चहा करायला आत गेली. धाकू खुर्चीच्या अगदी कडेला टेकला. थोडा वेळ कारखान्याचं बोलणं झालं. मग गौरेश त्याच्याकडे वळला.

"एक विचारू?"

"विचार," धाकू म्हणाला.

"मी तुका हाक मारल्ली. ऐकू आयली तुका?"

नाही म्हणता आलं असतं. थांब्यावर गौरेश दिसला नाही म्हणून धाकू परत गेला, असं सगळा गाव सांगतच होता. धाकूने नदीकडे बघितलं.

"आयली."

"केन्ना?"

"तू मारलंस तेन्नाच."

"मगे?"

"तू एकदाच मारलंस," धाकू म्हणाला. "मी उबो रवलंय. दुसरेची वाट बघलंय. आयली नाय. आणि मी पळालंय. तुका थंय सोडून थांब्यापर्यंत पळालंय."

आत चहाच्या भांड्याचा आवाज झाला. गौरेश प्लास्टरवरून हात फिरवीत राहिला. धाकूला वाटलं, आता हा म्हणेल, जा. म्हटलं तर जायचं, असं त्याने ठरवलंही.

"दुसरी मारूक तोंड उघडल्ला मी," गौरेश हळू बोलू लागला. "माती सरकली. पाणी इतक्या लागी आयला. मगे धाडस जाला नाय. भंय म्हणजे काय ता माका थंय कळला मरे. थंय पडून मी एकच विचार करीत होतंय: तेच्या बापायन शिकयला आसा, एका हाकेक तो ओ देवचो नाय. वर मीच तेका इतक्यांदा फसयला. आता कित्या देतलो?" त्याने नाक पुसलं. "मूळ सोडूच्या बेतात होतंय. हात रवलो नव्हतो. आणि तुजी ओ आयली."

शीतल चहा घेऊन आली तेव्हा दोघे पुरुष डोळे पुसत होते, आणि दोघेही नदीकडे बघत असल्याचं दाखवत होते. तिने कप ठेवले आणि काही न विचारता परत गेली.

निघायला तिन्हीसांज झाली. घरापासून रस्त्यापर्यंत पोफळींतून वाट होती आणि तिथे काळोख दाटू लागला होता. धाकू भराभर चालत होता, मागे न बघता, नेहमीच्या रीतीने. अर्ध्या वाटेवर मागून हाक आली.

"धाकूऽऽ!"

एकच. धाकूच्या अंगावर सरसरून काटा आला, पाय पळायला तयार झाले.

"ओऽऽ!" तो ओरडला.

पोफळींत क्षणभर काहीच ऐकू आलं नाही. धाकू वाटेत उभा राहिला, मुठी आवळून, कान देऊन. मग जनेलातून गौरेशचं ते खदाखदा हसू आलं, मध्येच बरगडी दुखून थांबलं, आणि पुन्हा सुरू झालं. ते ऐकल्यावरच धाकू पुढे निघाला.